एका कडव्याएवढा वेळ

"जुनं बटण काढू नकोस," हार्लन म्हणाला.

ट्रकच्या कडेला उकिडवा बसून जनरेटरच्या वायरी जोडणाऱ्या लूपे मिस्त्रीने मान वर केली. "आता त्याचं काय काम, म्हाताऱ्या? केबिन तापली की हा आपोआप सुरू होणार, बॅटरी उतरली तरी होणार. तुला बोट उचलायला नको."

"बोट नडीनचं असतं."

मालवाहू ट्रकच्या सीटमागच्या त्या पलंगाएवढ्या खोलीत हार्लन आणि त्याची बायको नडीन अकरा वर्षे संसार करत होते. इंजिन बंद असताना एसी चालायचा तो या छोट्या जनरेटरवर, आणि तो सुरू करणे हे नडीनचे काम. आतली तार तापेपर्यंत बटण दाबून धरायचे, मग फिरवायचे. घड्याळाकडे ती कधी बघत नसे. चर्चमधल्या एका गाण्याचे पहिले कडवे ती गुणगुणायची. कडवे संपले की तार तापलेली असायची. जनरेटरने सूर धरला की हॉर्नचा एक छोटा आवाज. आत गारवा आहे, तू जा कामाला, असा त्याचा अर्थ. तो ऐकल्याशिवाय हार्लन गोदामात पाऊल टाकत नसे.

वसंतात डॉक्टरांनी नडीनच्या विसराळूपणाला नाव दिले. दवाखान्याबाहेर, ट्रकच्या पायरीवर बसून तिने स्वतःच नियम केला. "ज्या दिवशी मला हे जनरेटरचं काम जमणार नाही, त्या दिवशी विचिटाला जेनाकडे सोडायचं. लेक सांभाळेल. तुझ्या गळ्यात धोंडा होऊन मी फिरणार नाही. कबूल?"

हार्लनने कबूल केले होते.

आणि मग लारेडोची ती दुपार. वजनावरून गोदामवाल्याशी हुज्जत घालण्याच्या नादात हॉर्न वाजलाच नाही, हे हार्लनच्या लक्षात आले नाही. तो परतला तेव्हा केबिन भट्टीसारखी तापली होती. नडीन अंगात लोकरी स्वेटर घालून पलंगावर बसली होती. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले. "मला वाटलं, तू लावलायस," ती म्हणाली. हार्लनने तिला पाणी पाजले. "वायर निखळली होती," तो खोटेच म्हणाला. "अमरिलोत लूपेकडून करून घेऊ."

"म्हणजे बटण नुसतं दाखवायला?" हे सगळे ऐकून लूपेने हात पुसले. "आजवर कुणाला खोटं बटण बसवून दिलं नाही मी."

"बसवू नकोस. आहे ते राहू दे."

तेवढ्यात समोरच्या खानावळीतून नडीन आली. लूपेसाठी तिने पीचची पेस्ट्री बांधून आणली होती. "झाली का वायर दुरुस्त?"

लूपेने एकवार हार्लनकडे पाहिले. "झाली, बाईसाहेब. अगदी नव्यासारखी."

उन्हाळा निभावला. कधी हॉर्न वाजे, कधी वाजत नसे. पण जनरेटरची घरघर मात्र चुकत नसे. गोदामाच्या फलाटावर कान देऊन उभा असलेला हार्लन ती ऐके आणि निश्चिंत होऊन आत जाई. आपण बायकोला फसवतो आहोत, ही टोचणी तेवढी राही.

सप्टेंबरात फ्रेझ्नोला माल तयार नव्हता, म्हणून तो लगेच ट्रककडे माघारी फिरला. जनरेटर केव्हाचा सुरू झाला होता. पायरीवर पाय ठेवताच अर्ध्या उघड्या काचेतून गाणे कानी आले. नडीन जुन्या बटणावर अंगठा दाबून बसली होती. सावकाश, एकही शब्द न गाळता तिने कडवे पुरे केले, बटण फिरवले आणि हॉर्न वाजवला.

मग तिला आरशात हार्लन दिसला.

त्याने दार उघडले. "नडीन, ते बटण..."

"मेलंय. पहिल्याच दिवशी कळलं. माझं कडवं निम्म्यावर होतं आणि हा पठ्ठ्या आपला सुरू!"

"मग अजून दाबतेस कशाला?"

"हॉर्न ऐकल्याशिवाय तुझा पाय उचलत नाही. आणि हॉर्नच्या आधी कडवं म्हणायची माझी सवय आहे."

हार्लन तिच्या शेजारी बसला. शेवटी, इतके दिवस ज्याची धास्ती होती ते त्याने विचारूनच टाकले.

"आणि तो तुझा नियम?"

नडीनने बटणावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"कुठला नियम?" ती म्हणाली. "मी विसरते, हार्लन. डॉक्टरांनीच सांगितलंय."