डचेसची वाट

कथबर्ट कबुतरखान्याच्या दाराशी मान वर करून उभा होता. खाणीतली पाळी संपवून तो तसाच इथं आला होता, तोंडावरची कोळशाची पूडसुद्धा न धुता. आभाळ दिवसभर झाकोळलेलं होतं. बाकीची कबुतरं आपापल्या खणांत घुमत होती. डचेसचा खण तेवढा रिकामा होता.

डचेस म्हणजे त्याचा जीव की प्राण. फ्रान्समध्ये सोडली तरी समुद्र ओलांडून ती इंग्लंडातल्या डरहमचं हे घर गाठायची. येत्या शनिवारच्या शर्यतीत सगळ्या गावाची नजर तिच्यावरच होती.

"दाराची कडी कुणी काढली असेल?" तो पुटपुटला.

मागं उभ्या असलेल्या त्याच्या मुलीला, एनिडला, राहवेना. "मी काढली, बाबा. मीच तिला नेली होती."

चौदा वर्षांची एनिड शिष्यवृत्तीवर शहरातल्या मोठ्या शाळेत जायची. मागच्या आठवड्यात मिस थर्लवेल वर्गात म्हणाल्या होत्या, कबुतरांना घरची वाट कशी कळते हे अजून जगात कुणालाच ठाऊक नाही. कुणालाच नाही! एनिडची झोपच उडाली. सूर्यावरून कळत असेल, तर ढगाळ दिवशी काय करत असतील? अंगातच होकायंत्र असेल का? मग आज तिनं डचेसच्या मानेला इवलंसं चुंबक बांधलं, टोपलीत घालून बसनं माळावर नेलं आणि सोडून दिलं.

"पण डचेसच का गं?" कथबर्टचा आवाज चिरकला.

"ती कधीच चुकत नाही, म्हणून."

तिची आई नोरा घराच्या मागच्या दारातून कडाडली. "मोठी शास्त्रज्ञ लागून गेलीये! पुढच्या महिन्यात पंधरा पुरी होतील. बेकरीत जागा आहे, कथबर्ट. बास झाली ती शाळा."

आता बाबा काय म्हणणार ते एनिडला कळून चुकलं होतं.

कथबर्टनं टोपी काढून हातात घेतली. "सोडल्यावर कुठं गेली?"

"दोन घिरट्या घातल्या. मग घराकडे पाठ करून सरळ उलटीकडे निघाली. मी हाका मारल्या, बाबा."

त्यानं पुन्हा एकदा आभाळाकडे पाहिलं. मग बायकोकडे वळला.

"नोरा, हिला शाळेतून काढलीस, तर माझी डचेस वाट का चुकली, हे मला सांगणार कोण?"