आठ दहाची मालगाडी

“आई, आत्ता नको ना. बाबांची ट्रेन येतेय,” वल्लरीने शैलाला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं आणि ऑफिसची बॅग खांद्याला लावून ती निघून गेली.

शैला थांबली. आठ महिने थांबली होती, आणखी दहा मिनिटांनी काही बिघडत नव्हतं. आज नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला जागाच राहणार नव्हती.

सिंगापूरमधल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पद्माकर इअरफोन घालून, डोळे मिटून बसला होता. जगाच्या पाठीवर कुठेतरी कुण्या हौशी माणसाने रुळांजवळच्या आपल्या घरात रेल्वेचं बोलणं पकडणारा रेडिओ स्कॅनर लावला होता आणि त्याचा आवाज इंटरनेटवर सोडला होता. मालगाडी गेली की रुळाकाठचं मशीन तिची चाकं तपासायचं आणि सपाट आवाजात रेडिओवर सांगायचं, “नो डिफेक्ट्स. टोटल अ‍ॅक्सल्स चारशे बारा.” मग गाडीतला माणूस तेच पुन्हा म्हणून उत्तर द्यायचा. खेळ खलास. एवढ्यासाठी हा मंगळवार ते शुक्रवार, बरोबर आठ दहाला, पूजेला बसल्यासारखा बसायचा. शनिवार ते सोमवार मात्र इअरफोनला हातही लावायचा नाही. हौसेतसुद्धा वेळापत्रक.

मैत्रिणी हसायच्या, पण शैलाला कारण पक्कं ठाऊक होतं. “तीस वर्षं जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत अलार्म ऐकण्यात गेली त्यांची,” ती सांगायची. “आता रोज कुणीतरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारं लागतं.”

या आठवड्यात मात्र कहर झाला होता. सलग चौथ्या दिवशी तो इअरफोन कानात दाबून, आवाज पुरता वाढवून ऐकत होता आणि चहा समोर गार होत होता. शैलाने कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन टाकली होती.

तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, नीलने, कॅनडातली पीएचडी अर्धवट टाकून एक नोकरी धरली. जड बूट, सोबत जेवणाचा डबा, वेळी-अवेळी ड्युटी. “ती नोकरी सुटेपर्यंत मला फोन करू नकोस,” एवढंच पद्माकर म्हणाला आणि नीलने ते तंतोतंत पाळलं. तेव्हापासून घरात मुलाचं नाव निघालं की पद्माकर उठून आत जायचा. आता जानेवारीत नीलचं लग्न होतं. बाप हयात असताना मुलगा त्याच्याशिवाय बोहल्यावर उभा राहणार, ही कल्पनाच शैलाला सहन होत नव्हती.

बापलेक दोघेही एकाच मातीचे. त्यातल्या त्यात मऊ कोण, ते आईला बरोबर कळतं. क्वीन्सटाउनच्या त्यांच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या तळमजल्यावरच्या बाकावर बसून तिने नीलला आठ महिने फोन केले. समजावलं, रडली, मध्ये पंधरा दिवस अबोलाही धरून पाहिला.

“आई, मला हे काम मनापासून आवडतं गं,” तो म्हणायचा.

“आणि मला तू आणि बाबा एका फोटोत हवे आहात,” ती म्हणायची.

शेवटी तोच नमला. त्या दिवशी शैलाने वर येऊन एकटीनेच शिरा केला आणि कुणालाही कारण न सांगता सगळ्यांना वाढला.

आठ वीसला पद्माकरने इअरफोन काढले. शैलाने नवा चहा त्याच्यासमोर ठेवला.

“गेली गाडी?”

“गेली.”

“काही डिफेक्ट?”

“नाही.”

“मग चेहरा असा का?”

तो इअरफोनची वायर गुंडाळू लागला. शैला समोर बसली.

“अहो, जानेवारीत नीलचं लग्न आहे. तुम्हाला यायचंय.”

नाव निघालं, तरी तो उठला नाही. शैलाला आणखी बळ आलं.

“तुमची अट होती ना, ती पुरी झाली. नीलने ती नोकरी सोडली. या सोमवारपासून टाय लावून ऑफिसात बसतो. आता बोला.”

ती मागे टेकून बसली. या क्षणासाठी तिने काय काय केलं होतं ते तिचं तिला माहीत. त्याचा चेहरा उजळताना तिला डोळे भरून पाहायचा होता.

पद्माकरने कप बाजूला सरकवला. त्याने विचारलं, “म्हणजे, बरा आहे ना तो?”

“बरा म्हणजे? ठणठणीत आहे.”

त्याने खोल श्वास सोडला आणि डोळ्यांवरून हात फिरवला.

“तरीच,” तो म्हणाला. “चार दिवस झाले, त्या गाडीतून दुसराच कुणीतरी उत्तर देतोय.”