सहा जणांचा उजेड

"बसणार किती जण?" शिडीवरून इलेक्ट्रिशियन राघवेंद्रने कन्नडमध्ये विचारलं. शेजारच्या रणोजीरावांनी ते मराठीत आणलं आणि वर आपली भर घातली, "दोघा माणसांना इतकी भोकं यातक्के, कशाला रे विक्रांता? छत आहे का चाळण? सुम्ने आपली एक ट्यूबलाइट लाव की."

रणोजीरावांचं घराणं किती पिढ्या म्हैसुरात आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं मराठी चालता चालता रस्ता ओलांडून कन्नडमध्ये जाई आणि मनात आलं तर परत येई.

विक्रांत काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची बायको देवश्री म्हणाली, "सहा."

विक्रांतच्या हातातली टेप सर्रकन आपोआप गुंडाळली गेली.

महिन्यापूर्वी देवश्रीला पुण्याच्या जुन्या ऑफिसने परत बोलावलं होतं. येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. "तू येतोस ना?" असं तिने विचारलं, तेव्हा विक्रांत "बघू" म्हणाला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. त्याऐवजी हॉलचं छत कामाला काढलं.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत होता. दोषाचं कारण सापडलं की दोष जातो, यावर त्याची श्रद्धा होती. देवश्री म्हैसुरात रमत नव्हती. हॉलला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर रणोजीरावांची भिंत. म्हणजे कारण अंधार. फॉल्स सीलिंग करायचं, त्यात दिवे बसवायचे, की बाई थांबते. यात चूक कुठे आहे हे शोधायला तो रोज पहाटे जागा होई. चूक सापडत नसे, पण झोपही येत नसे. सामान हलवताना माळ्यावरची तिची मोठी बॅग खाली आली होती. ती परत वर गेली नव्हती.

पहिले पंधरा दिवस तिने छताकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. आणि आज ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"सहा खुर्च्या," ती म्हणाली. "सोफा नको. सोफ्यावर माणूस लोळतो."

"बरोबर आहे," विक्रांत म्हणाला. त्याला सोफा फार आवडायचा.

"प्रत्येक खुर्चीवर एकेक दिवा. पण अगदी डोक्यावर नको, थोडा पुढे. नाहीतर पुस्तकावर आपल्याच डोक्याची सावली पडते."

"पुस्तकावर," विक्रांत म्हणाला.

"आणि प्रत्येकाचं बटण वेगळं. कोण कधी झोपणार, कोण कधी उठणार, काय सांगावं."

राघवेंद्र वरून म्हणाला की इतक्या वायरी ओढायच्या म्हणजे दिवस वाढतील. "वाढू देत," विक्रांत म्हणाला. मनातल्या मनात तो माणसं बसवत होता. आई-बाबा, तिचे आई-बाबा, आपण दोघं. झाले सहा. म्हणजे ती घर भरायचं म्हणतेय. जाणारी बाई घर कशाला भरेल?

रणोजीरावांचा हिशेब वेगळा निघाला. "सहातला एक पाळणा का ग देवश्री? पाळण्यावर झगमग लाइट नको हं. लेकरू झोपायचं नाही."

विक्रांत कानापर्यंत लाल झाला. देवश्री हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "लेकरंच म्हणा, काका," ती म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली.

"लेकरं!" रणोजीराव शिडीकडे बघून म्हणाले. "आयतु, ठरलं तर. राघवेंद्रा, वायर जास्तीच आण."

त्या दिवशी विक्रांत पोटभर जेवला. फक्त एका ठिकाणी अडलं. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो लावायचा आणि त्यावर एक बारीक दिवा सोडायचा, असं त्याच्या मनात होतं.

"तिथे घड्याळ लाव, मोठं," देवश्री म्हणाली. "सगळ्यांना एकदम निघायचं असेल सकाळी."

सगळ्यांना. विक्रांतला तो शब्दच इतका आवडला, की फोटो त्याने स्वतःच बेडरूममध्ये नेऊन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं. राघवेंद्रने एकेक बटण दाबलं. सहा खुर्च्यांवर सहा पिवळसर गोल उतरले. भिंतींचा रंग पहिल्यांदाच कळला. रणोजीराव उंबऱ्यातच थांबले. "राजवाड्याला सुट्टी द्या रे आता," एवढंच म्हणाले आणि डोळे चोळत घरी गेले. राघवेंद्रही शिडी घेऊन निघाला.

दोघंच उरली. देवश्री एका खुर्चीत बसली, पुस्तक धरल्यासारखे हात धरले आणि तळहातांवर सावली पडते का ते पाहिलं. नाही पडली.

"छान झालंय, विक्रांत. खरंच. मला इतकं नीट जमलं नसतं."

विक्रांतने महिनाभर गिळलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडला. "पुण्याला काय कळवलंस?"

"हो म्हणून कळवलं. उद्या निघतेय. तुझं 'बघू' किती दिवस बघायचं?"

"आणि मग हे सहा..."

बेल वाजली. देवश्रीने दार उघडलं. बाहेर सहा तरुण मुलं उभी होती. प्रत्येकाच्या पाठीवर बॅग, गळ्यात कंपनीचं नवं, 'ट्रेनी' लिहिलेलं ओळखपत्र. सगळ्यांत पुढचा म्हणाला, "काकू, मी प्रद्युम्न. फोनवर बोललो होतो."

"या, या. चपला बाहेर काढा. दोघं दोघं एका खोलीत, आणि अभ्यासाला हा हॉल. ज्याची खुर्ची, त्याचा दिवा." ती बाजूला झाली. मुलं आत आली आणि माना वर करून छताकडे बघू लागली. शेवटी प्रद्युम्नची नजर खाली आली आणि विक्रांतवर थांबली.

"वीज, पाणी भाड्यातच धरलंय," देवश्री म्हणाली, "आणि हा विक्रांत, हाही घराबरोबरच आहे. वांगं सोडून सगळं खातो."