टाक्यातले चार मासे

चारही मासे पोट वर करून तरंगत होते.

काजल टाक्यावर वाकली आणि तिथेच थिजली. सकाळी सहाला नळ आला होता. पिपरी मेघे गावातल्या त्या गल्लीत पहिल्यांदाच, नव्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी. तिच्या आईने, शोभाबाईंनी, टाकं घासून भरलं आणि मासे परत त्यात सोडले. विहिरीतलेच मासे ते. ते पोहताहेत ना, एवढं बघून शोभाबाई रोज प्यायच्या पाण्याची घागर भरायच्या. पण आज मासे बघेपर्यंत थांबायला काजलला कुठला धीर! पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता. गल्लीतल्या बाया नाक दाबून उभ्या होत्या. नववीतल्या मुलीने काय घाबरायचं? तिने सगळ्यांसमोर पेला भरला, गटागटा प्यायली, आणि दुसरा पेला आचलला पाजला.

आचल तिची बहीण. सहा वर्षांची, दोन महिन्यांपूर्वीच काविळीतून उठलेली.

"म्या तं थेंब नाई भरला," शेजारची धुरपता कुंपणावरून म्हणाली. "मासे गेले. आता माणसाईचं पाहा."

शोभाबाईंनी आचलला ओढून छातीशी धरलं. "काऊन पाजलं वं तिले? मासे तं पाहू द्याचे होते."

"मले काई नाई झालं," आचल म्हणाली. पण काजलला तिचे डोळे पुन्हा पिवळे दिसायला लागले होते.

तिने बाटलीत टाक्यातलं पाणी भरलं आणि अनवाणी पळत सुटली. गल्लीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी. खाली गजेंद्र बसला होता, नळ सोडणारा.

"दादा, आमचे मासे मेले. माही बहीण हेच पाणी पेली."

गजेंद्रने काचेच्या नळीत ते पाणी घेतलं, वरून औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं पडलं. काजल खाली बसली.

"माही बहीण वाचन का?"

"तिले काय झालं वाचाले?" गजेंद्र हसला. "पिवळं झालं म्हंजे जंतू माराचं औषध तुमच्या टाक्यापर्यंत बरोबर पोचलं. मासे पाण्यातच श्वास घेते, त्याईले ते झेपत नाई. माणसाले काई होत नाई." नळी धुता धुता त्याने विचारलं, "आतापर्यंत कोनतं पाणी पेत होते?"

"विहिरीचं. चांगलं होतं ते. रोज मासे पाहूनच भरत होतो."

"अन् घरात कोनी बिमार नाई पडलं?"

काजलला आचलची कावीळ आठवली. तिचे डोळे पहिल्यांदा पिवळे दिसले, त्या सकाळीही आईने टाक्यात वाकून पाहिलं होतं. चारही मासे मस्त पोहत होते.