बाराशेच्या पुढे

बाराशे गुण झाले आणि टीव्हीचा पडदा पुन्हा कोरा झाला.

"गेलं," वामनराव म्हणाले. काळ्या कीबोर्डवरून त्यांनी डावा हात काढून घेतला आणि मान फिरवली.

पदराला हात पुसत गोपिका स्वयंपाकघरातून आली. "पुन्हा लावू ना. पाचच मिनिटं तं लागते."

"राहू दे वं. मशीनले बी समजलं, माणूस अर्धाच हाये म्हणून."

वामनराव मेश्राम सत्तावीस वर्षं नागपूरच्या तारघरात होते. त्यांच्या बोटांचा कडकट्ट ऐकून पलीकडचा तारवाला नाव न विचारता ओळखायचा, की आज नागपूरला मेश्राम बसलेत. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांना लकवा मारला. पाय हळूहळू धरू लागले, जीभही वळू लागली. उजवा हात मात्र पडला तो पडलाच. त्याची आशा सोडा, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं. तेव्हापासून वामनराव भिंतीकडे तोंड करून निजून असत.

एप्रिलात लेकीनं, पौर्णिमानं, कॉम्प्युटर पाठवला. ती इंग्लंडात नर्स होती. पुस्तकाएवढी ती चीज टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावायची, पाच मिनिटं कानठळ्या बसवणारी किंचाळी ऐकायची, की पडद्यावर खेळ यायचा. एक लहानसं जहाज आणि वरून कोसळणारे दगड. 'बाबांना खेळू दे,' तिनं लिहिलं होतं, 'डावा हात तरी कामात राहील.'

पहिल्याच संध्याकाळी वामनराव जेवायचं विसरले. कितीतरी महिन्यांनी नवरा खुर्चीत पुढं सरकून बसलेला गोपिकेनं पाहिला, आणि तिनं वाढलेलं ताट मुकाट्यानं झाकून ठेवलं.

आणि आता मशीन ऐन रंगात दगा देत होती. क्षणभर अंधार, मग कोरा पडदा. खेळ पुसलेला.

गोपिका सीताबर्डीवर गेली आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गिरिधरला घेऊन आली. त्यानं कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता.

"बिजलीवरच चालते ना, काकू? मंग पाहू."

मशीनला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरच्या डब्याला त्यानं हात लावला आणि चटकन मागं घेतला. "हे पाहा. विलायतची चीज हाये, याले आपला मे महिना कसा सोसन?" त्यानं डबा कूलरसमोर ठेवला आणि टेबलाखाली लोंबणारी वायर तिकडे वळवून घेतली. त्या दिवशी खेळ नऊशेवर बंद पडला.

मग त्याला कूलरचाच संशय आला. कूलर सुरू झाला की व्होल्टेज पडत असेल. त्यानं दुकानातला स्टॅबिलायझर सायकलवर बांधून आणला. खेळ अकराशेपर्यंत पोचला आणि गेला.

तिसऱ्या खेपेला त्यानं नवा अडॅप्टरच बनवून आणला. वायर मीटर लावून इंच इंच तपासली. मग स्वतः खुर्चीत बसून तब्बल सव्वा तास खेळला. मशीन हूं की चूं करीना.

"या काका, बसा आता बिनधास्त."

वामनराव बसले. दहा मिनिटांनी दगडांचा मारा वाढला, आणि पडदा कोरा.

वामनराव म्हणाले, "पौर्णिमाले लिही. बक्सा परत घेऊन जाय म्हणाव."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले. गोपिकेनं पुठ्ठ्याचा बक्सा माळ्यावरून काढला, त्यावरची धूळ झटकली, पण त्यात मशीन ठेववेना. भर दुपारी डोक्याला पदर गुंडाळून ती सीताबर्डीवर गेली.

"काकू, मशीन ठीक हाये," गिरिधर कळवळून म्हणाला. "मी खेळलो तवा कुठं बंद पडली?"

"तेच तं इचारून राहिले. ते खेळतात तवाच काहून पडते?"

गिरिधरनं टॉर्च उचलला आणि सायकल काढली.

"माझ्यासाठी एक डाव," गोपिका नवऱ्याला म्हणाली. "मंग मीच बांधून देते बक्स्यात." वामनराव उठले. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, उजवा हात रोजच्यासारखा मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलक्लॉथ त्यावरून नीट केला. गिरिधर मागच्या बाजूनं टेबलाखाली शिरला.

"मी वायर पाहत राहतो. तुमी नुसते खेळा, काका."

खेळ लागला. पाचशे. नऊशे. वामनरावांचं जहाज दगडांमधून सुळकन निसटत होतं. अकराशे झाले तसे ते पुढं झुकले, त्यांचे दात आवळले गेले. गोपिका श्वास रोखून भिंतीला टेकली. बाराशे. बाराशे वीस! आजवर इतके कधी झाले नव्हते. "हो बाजूले!" वामनराव जहाजावर ओरडले.

पडदा कोरा झाला.

वामनरावांनी डोळे मिटले. गोपिका टेबलाकडे वाकली.

"सापडलं का गा, गिरिधर?"

टेबलाखाली टॉर्च तसाच जळत होता.

"गिरिधर?"

"काकू," त्याचा आवाज कापत होता. "काकांले हलवू नका. तुमी खाली या, लवकर."

गोपिकेनं गुडघे टेकले आणि टेबलक्लॉथ वर केला. टॉर्चच्या उजेडात वायर ताणलेली दिसली. वामनरावांच्या उजव्या हातानं ती मुठीत घट्ट आवळून धरली होती.