छतावरचे कावळे

"ताई, आई आत्ताच जेवली. गरम भाकरी केली होती," भगवंत फोनवर म्हणाला.

कामावर बसलेल्या शालनने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. हवामान केंद्राचं नवं रडार घराघरांवरून उठणारी गरम हवाही दाखवायचं. माहेरच्या छतावरून तीन दिवस काहीच उठलं नव्हतं.

"भगवंता, तुझी चूल मला इथून दिसते," तिने सुनावलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला तिथून हवा उठली. तरी शालनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कावळ्याला घास ठेवल्याशिवाय आई कधी जेवत नसे, आणि रडारला पाखरंही दिसत. शेजारच्या छतांवर ठिपके उतरत होते, माहेरच्या छतावर एकही नाही.

तिने फोन लावला. "आईला दे."

पलीकडून भाकरी थापण्याचा नाही, नुसतं पाणी उकळण्याचा आवाज येत राहिला.