बसलेला आवाज

आमचे हे आणि माझा भाऊ, दोघंही सत्तरीचे. केस काळे करून, जीनमध्ये पोट कोंबून आपल्या लाडक्या बँडचा कार्यक्रम ऐकून आले. चपला काढता काढताच हे करवादले, "शी! गिटार म्हणजे मुंगी चालल्यागत. गाणाऱ्याचा तर आवाजच बसलाय. त्यापेक्षा आपले जुने सिनेमे बरे, शब्द न् शब्द ऐकू येतो."

येईल नाही तर काय! तोंडपाठच आहेत मेल्यांना. लेकीने ह्यांना आणलेलं कानाचं मशीन मात्र कपाटात पडलंय. लावलं की म्हातारं दिसतं म्हणे! किळस येते मला असल्या थेरांची.



आज वर्षभराची नात मांडीवर बसून ह्यांना पहिल्यांदाच "आबा, आबा" करत होती, आणि हे मला विचारतात, "अगं, ही बोलणार तरी कधी?"